‘कीर्तनकार’ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे: नौपाड्यातील एका अनुवाद कार्यालयाचा अनुभव

ठाण्यात गोखले मार्गावरून घंटाळी मंदिराच्या बाजूला वळले की एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ‘भाषांतर, टंकलेखन, नोटरी’ एवढीच पाटी असलेले एक छोटे कार्यालय आहे. आपले नाव कुठे लिहू नये, अशी ते चालवणाऱ्या बाईंची इच्छा असल्यामुळे मी त्यांचा उल्लेख येथे केवळ अनुवादिका असा करणार आहे. परदेशात पाठवायच्या मराठी कागदपत्रांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून देणे आणि लागतील ती शपथपत्रे तयार करून देणे, हे या कार्यालयाचे मुख्य काम. मे २०२५ ते ऑगस्ट २०२५ या काळात मी तेथे किमान पंधरा वेळा गेले आणि एकूण ३१ पानांचे काम करून घेतले. हे काम माझे स्वतःचे नव्हते. ते आमच्या महाराजांचे होते, आणि म्हणूनच ते कसे झाले याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमचे महाराज मूळचे मुरबाड तालुक्यातले. आळंदीत चार वर्षे राहून त्यांनी ज्ञानेश्वरी, गाथा आणि कीर्तनाचा अभ्यास केला. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढल्यापासून तेथे शिकून महाराष्ट्रभर कीर्तन-प्रवचन करणाऱ्यांची जी परंपरा उभी राहिली, तिच्याच वळणाचे ते आहेत. पाचपाखाडीतील आमच्या हरिपाठ मंडळात २००९ पासून २०२१ पर्यंत दर गुरुवारी त्यांचे प्रवचन होत असे, आणि माघातल्या सप्ताहात काल्याचे कीर्तन त्यांचेच असे. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यू जर्सीतील एका मंदिराने त्यांना आर-१ या धार्मिक कार्यकर्त्याच्या व्हिसावर बोलावून घेतले. तेथे जन्मलेल्या मराठी मुलांना ते हरिपाठ शिकवतात, वयस्कर मंडळींसाठी ज्ञानेश्वरी सांगतात, विवाह आणि उत्तरकार्याच्या वेळी उभे राहतात. आर-१ वर जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते, आणि पहिल्यांदा तो व्हिसा मिळतो तोही अडीच वर्षांपर्यंतच. पाच वर्षे संपायच्या आत काम व्हावे म्हणून मंदिराच्या विश्वस्तांनी महाराजांच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचे ठरवले आणि ठाण्यातून लागणारे कागद जमवण्याचे काम मंडळाने माझ्यावर सोपवले. टपाल खात्यातील ३४ वर्षांच्या नोकरीत कागद जपून ठेवण्याची सवय मला लागली होती, एवढीच माझी पात्रता.

त्या अर्जाची रीत थोडी सांगावी लागेल, कारण ती समजल्याशिवाय या कार्यालयाने काय केले ते कळणार नाही. अमेरिकेत धार्मिक कार्यकर्त्यासाठी आय-३६० नावाचा अर्ज बहुधा त्याला नेमणारी संस्था करते. ती संस्था करमुक्त दर्जाची धार्मिक संस्था असावी लागते, काम पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला सरासरी किमान ३५ तासांचे असावे लागते, आणि अर्जाच्या आधीची सलग दोन वर्षे त्या व्यक्तीने तसेच काम केलेले असावे लागते. पण खरी मेख आहे ती वर्गवारीत. तेथील कायदा ‘मिनिस्टर’ आणि इतर धार्मिक कार्यकर्ते असे दोन भाग करतो. मिनिस्टर म्हणजे येथे मंत्री नव्हे; आपल्या संप्रदायाने पूर्ण अधिकार दिलेला, रीतसर शिकलेला आणि उपासना चालवणारा धर्मोपदेशक. त्याच्यासाठीची तरतूद कायमची आहे. इतर धार्मिक कार्यकर्त्यांसाठीची तरतूद मात्र मुदतीची असून अमेरिकी संसद ती वेळोवेळी वाढवत आली आहे, आणि तिच्यावर वर्षाला ५,००० ची मर्यादाही आहे. संप्रदायाचा अधिकार नसलेला हौशी प्रवचनकार मिनिस्टर ठरत नाही. आता वारकरी संप्रदायात कुणी कुणाला पदाची दीक्षा देत नाही. तुळशीची माळ घालायची, गुरूंजवळ शिकायचे आणि गुरूंनी उभे राहायला सांगितले की उभे राहायचे. ज्या संप्रदायात ठरावीक धर्मशिक्षणाची अट नसते त्यांच्यासाठीही तेथील नियमांत वाट ठेवलेली आहे, परंतु त्या संप्रदायात अधिकार कसा मिळतो, त्या अधिकाराने काय काय करता येते आणि या माणसाने ते सारे पूर्ण केले आहे का, हे कागदांनी दाखवावे लागते. महाराजांचे ते सगळे कागद मराठीत होते.

पहिल्या वेळी आम्ही चुकलो. जानेवारी २०२५ मध्ये अर्ज गेला तेव्हा कागदांचे भाषांतर आम्ही स्टेशनजवळच्या एका एजंटाकडून करून घेतले होते. त्याने आठ दिवसांत गुळगुळीत कागदावर, सोनेरी शिक्क्यासह सर्व काही हातात दिले आणि आम्ही समाधानाने पाठवले. एप्रिलमध्ये असे अर्ज तपासणाऱ्या तेथील स्थलांतर खात्याचे अधिक पुराव्यांची मागणी करणारे पत्र आले. त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. भाषांतरकाराने भाषांतर पूर्ण आणि अचूक असल्याचे, तसेच आपण त्या भाषेतून भाषांतर करण्यास सक्षम असल्याचे प्रमाणित करावे लागते. ते प्रमाणपत्र कुठेच नव्हते, सोनेरी शिक्का तेवढा होता. आणि दुसरे म्हणजे, एका कागदात ‘सिंगर’, दुसऱ्यात ‘लेक्चरर’ आणि तिसऱ्यात ‘व्हॉलंटियर’ म्हटलेली व्यक्ती धर्मोपदेशक कशी, याचा खुलासा मागितला होता. एजंटाच्या माणसाने कीर्तनकाराचा गायक केला होता, प्रवचनकाराचा व्याख्याता केला होता आणि ‘मंडळात बारा वर्षे सेवा केली’ या वाक्यातल्या सेवेचे स्वयंसेवकाचे काम केले होते. उत्तरासाठी ८४ दिवस होते. तो पत्राचा कागद वाचताना मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही, कारण मूळ मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून वाचण्याइतके इंग्रजी मला येते आणि मी ते वाचले नव्हते.

या पार्श्वभूमीवर मी नौपाड्यातल्या कार्यालयात गेले. अनुवादिकांनी पहिल्या दिवशी एकही कागद कामासाठी घेतला नाही. त्यांनी पाऊण तास सगळे मूळ कागद आणि एजंटाची भाषांतरे वाचली, खात्याचे पत्र दोनदा वाचले आणि मग मला विचारले, “काकू, तुमच्या वकिलांनी हे पत्र पाहिलंय का? मी भाषांतर करीन, पण काय पाठवायचं आणि काय नाही हे तेच ठरवतील. तो सल्ला मी देणार नाही.” पुढच्या तीन महिन्यांत त्यांनी ही मर्यादा एकदाही ओलांडली नाही. मंदिराच्या वकिलांशी त्यांनी माझ्यामार्फत आणि नंतर थेट पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या. पण कायद्याच्या बाबतीत स्वतःचे मत कधी दिले नाही. ज्या व्यवसायात प्रत्येक जण स्वतःला सल्लागार म्हणवतो, त्यात हे वागणे मला फार मोलाचे वाटले.

आता शब्दांविषयी. ‘कीर्तनकार’ या शब्दाला त्यांनी इंग्रजी शब्द दिलाच नाही. तो शब्द रोमन लिपीत जसाच्या तसा ठेवला आणि भाषांतराच्या मजकुराबाहेर, ‘भाषांतरकाराची टीप’ असे स्पष्ट लिहून, सहा ओळींत कीर्तन म्हणजे काय ते सांगितले: वारकरी कीर्तनात संतांचा अभंग निरूपणासाठी घेतला जातो, कीर्तनकार उभ्याने तो उलगडून सांगतो, टाळकरी साथ करतात, श्रोते नामघोषात सामील होतात, आणि हे सर्व उपासना म्हणून होते. मी त्यांना म्हटले की सरळ ‘प्रीस्ट’ लिहिले तर काम सोपे होईल. त्यावर त्या म्हणाल्या, “मूळ कागदात पुजारी म्हटलेलं नाही. मी प्रीस्ट लिहिलं तर उद्या कुणी मराठी जाणणारा अधिकारी ते वाचेल आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवरही त्याचा विश्वास राहणार नाही.” मला ते त्या क्षणी पटले नव्हते. आमच्या मंडळातल्या दोघांना तर ते मुळीच पटले नाही. एवढे पैसे देऊन आपल्याच माणसाच्या बाजूने शब्द का वापरू नयेत, असा त्यांचा प्रश्न होता. पण एजंटाने आमच्या बाजूने किंवा विरुद्ध असा काही विचार न करता शब्द टाकले होते आणि त्याचे फळ समोर होते, म्हणून आम्ही थांबलो.

‘ह.भ.प.’ या तीन अक्षरांवर त्यांनी जवळजवळ एक दिवस घालवला असावा. एजंटाच्या भाषांतरात ही अक्षरे नावापुढे पदवीसारखी आली होती, आणि ही पदवी कोणत्या विद्यापीठाची, असा तेथे प्रश्न पडणे साहजिक होते. हरिभक्तपरायण हे आदराने लावले जाणारे संबोधन आहे, परीक्षा देऊन मिळालेली पदवी नव्हे, हे त्यांनी टिपेत लिहिले. आळंदीच्या शिक्षणाचा हस्तलिखित दाखला मात्र त्यांनी ओळ न् ओळ, त्यावरच्या शिक्क्यातील पुसट अक्षरांसह भाषांतरित केला. जे वाचता आले नाही तेथे ‘अक्षरे अस्पष्ट’ असे लिहिले, अंदाजाने भरले नाही. ‘सेवा’ हा शब्द वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळ्या अर्थाने आला होता. जेथे ती प्रवचनाची सेवा होती तेथे तसे, आणि जेथे महाराज खरोखरच पंगतीत वाढायला उभे राहिले होते तेथे तसेच लिहिले. ‘अनुग्रह’, ‘फड’, ‘काकडा’ या शब्दांसाठी त्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसल्या. १८९३ पासून चालत आलेल्या त्या ग्रंथालयाचा असा उपयोग करणारे अजून कुणी आहे, याचा मला ठाणेकर म्हणून आनंद झाला.

सर्वांत अवघड गेला तो ‘बिदागी’. आमच्या मंडळाच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या मी सहज म्हणून बरोबर नेल्या होत्या. त्यांत ‘काल्याचे कीर्तन, महाराजांना बिदागी रु. १,१००’, ‘टाळकरी प्रवासखर्च रु. ३४०’ अशा नोंदी बारा वर्षांच्या, एकाच शाईच्या पेनाने लिहिलेल्या आहेत. अनुवादिकांनी त्या वह्या पाहिल्या आणि इतर कागद बाजूला ठेवले. लोकांनी आज आठवून लिहिलेल्या पत्रांपेक्षा त्या त्या दिवशी, कुठल्याही अर्जाचा विचार मनात नसताना केलेली नोंद अधिक बोलते, हे मला टपाल खात्यात राहूनही सुचले नव्हते. बिदागीला पगार म्हणता येत नाही, बक्षीस म्हटले तर खालच्या दर्जाचे होते, आणि भेट म्हटले तर कामाचा संबंधच तुटतो. त्यांनी येथेही मूळ शब्द ठेवून, कीर्तन झाल्यावर निरोप देताना कीर्तनकाराला रूढीने दिली जाणारी रक्कम, असे स्पष्टीकरण दिले. त्यातले कुठले पान पाठवायचे ते वकिलांनी ठरवले आणि त्यांनी वहीची अकरा पाने निवडली.

शिष्यमंडळींच्या पत्रांबाबत माझा आणि त्यांचा थोडा वाद झाला, आणि त्यात चूक माझी होती. मी एक मसुदा तयार करून चौदा जणांना दिला होता, आणि चौदाही जणांनी तो थोडाफार बदलून सही करून परत दिला होता. ‘महाराज हे संतपुरुष असून त्यांच्या वाणीने आमच्या जीवनाचे सोने झाले’ हे वाक्य अकरा पत्रांत होते. अनुवादिकांनी ती पत्रे भाषांतराला घ्यायला नकार दिला नाही, पण अकरा वेळा तेच वाक्य भाषांतरित केले की वाचणाऱ्याला काय वाटेल ते मला विचारून पाहायला सांगितले. मी घरी जाऊन ती एका बैठकीत वाचली आणि मलाच ती खोटी वाटू लागली, जरी त्यातला प्रत्येक माणूस खरा होता आणि ते वाक्यही त्याच्या परीने खरे होते. मग आम्ही गुरुवारी हरिपाठानंतर सगळ्यांना बसवले आणि ज्याने त्याने स्वतःच्या शब्दांत, कधी, कुठे, काय पाहिले तेवढेच लिहावे, असे ठरवले. चौदाची सहा पत्रे झाली. त्यात वर्तकनगरच्या एका रिक्षाचालकाचे पत्र आहे. त्याचा तरुण मुलगा गेला, त्यानंतर महाराज तेरा दिवस रोज संध्याकाळी सहा वाजता त्याच्या घरी येऊन हरिपाठ म्हणत असत, चौथ्या दिवशी पाऊस इतका होता की ते गुडघाभर पाण्यातून आले, आणि तेराव्यानंतर त्यांनी देऊ केलेले पैसे परत केले, एवढेच त्यात आहे. कुठलेही विशेषण नाही. भाषांतर वाचून दाखवताना अनुवादिका मध्येच थांबल्या होत्या. उपासना चालवणारा, दुःखात धीर देणारा धर्मोपदेशक म्हणजे काय, याचा त्याहून चांगला पुरावा आम्ही देऊ शकलो नसतो.

खर्चाबाबत सांगायचे तर भाषांतराचा दर पानाला ४५० रुपये होता, त्यात प्रमाणपत्र आणि दोन प्रती धरलेल्या. एजंटाने पानाला ७०० घेतले होते आणि शिवाय प्रत्येक कागदाला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारने करून दिलेले प्रमाणीकरण, लागेल असे सांगून कागदामागे ३,५०० रुपये मागितले होते. सुदैवाने ते पैसे भरण्याआधीच आम्ही तेथून बाहेर पडलो. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाचे त्यासाठीचे मूळ शुल्क कागदामागे केवळ ५० रुपये आहे. बाकीचे सारे मधल्या हातांचे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अमेरिकेच्या या खात्याला आमच्या कागदांवर अपोस्टिलची गरजच नव्हती. तसेच शिष्यांची पत्रे मुद्रांकावर करून नोटरीपुढे सही करण्याचीही गरज नव्हती. खोटे सांगितल्यास अमेरिकेच्या कायद्याने शिक्षेस पात्र राहू, असे तेथील कायद्यात सांगितलेले वाक्य, तारीख आणि सही पुरे होते. मुद्रांक आणि नोटरी यांतूनच ज्या कार्यालयाला चार पैसे मिळतात, त्यांनी ते लागत नाहीत असे आपणहून सांगावे, वकिलांना विचारून खात्री करून घ्या म्हणावे, आणि ते पैसे सोडून द्यावेत, हे मी या अभिप्रायात मुद्दाम नोंदवते आहे.

शपथपत्रे लागली ती जन्माच्या बाबतीत, आणि तो भाग पुढच्या टप्प्याचा होता. आय-३६० मंजूर झाल्यावर कायम वास्तव्याचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि त्याला जन्माचा दाखला जोडावा लागतो. महाराजांच्या पासपोर्टवर जन्मतारीख १ जून १९७४ आहे. त्या पिढीतल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना याचे कारण सांगायला नको. शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लावली, ती शाळा सोडल्याच्या दाखल्यात आली आणि तेथून पासपोर्टात गेली. ग्रामपंचायतीतून जन्मनोंदीचा उतारा काढला तर त्यात जुलैमधली तारीख निघाली, वडिलांचे नाव होते आणि बाळाच्या नावाच्या जागी केवळ ‘पुरुष’ असे होते. एजंटाला आम्ही हे आधी सांगितले होते तेव्हा, “दहा हजारांत १ जूनचा दाखला करून आणतो,” असे तो म्हणाला होता. मंडळातल्या एकाला तो मार्ग सोयीचा वाटलाही होता. अनुवादिकांना हे कळले तेव्हा त्या प्रथमच कठोर बोलल्या. तसा कागद कुणी आणला तर त्याचे भाषांतर आपण करणार नाही, आणि बाकीचे कामही परत देऊ, असे त्यांनी सांगितले. दोन्ही तारखा जशा आहेत तशा ठेवायच्या आणि फरक का पडला ते ज्यांना माहीत आहे त्यांनी शपथेवर सांगायचे, हा मार्ग वकिलांनी दिला.

ज्यांना माहीत होते अशा दोनच व्यक्ती हयात होत्या: महाराजांच्या आई आणि त्यांच्या थोरल्या आत्या. आत्याबाईंचे वय ८१. त्या भाच्याच्या मुलाबरोबर मुरबाडहून एसटीने कल्याणला आणि तेथून लोकलने ठाण्याला आल्या. कार्यालयाला उद्वाहन नाही, म्हणून अनुवादिका स्वतः खाली उतरल्या आणि तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानात खुर्ची मागून तेथेच काम केले. त्यांनी आत्याबाईंपुढे तयार मसुदा ठेवला नाही. “आजी, तुम्हाला कसं माहीत ते सांगा,” एवढेच विचारले. आत्याबाईंनी सांगितले की बहात्तरच्या दुष्काळात त्या नवऱ्यासह खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर होत्या, त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, आषाढात, भावजय अडली तेव्हा सुईणीला आणायला त्याच गेल्या होत्या, आणि ओढ्याला पाणी असल्यामुळे सुईण उशिरा पोहोचली. तोवर पोर झाले होते, नाळ त्यांनीच कापली. हे सगळे शपथपत्रात मराठीत, आत्याबाईंच्या सांगण्याप्रमाणे लिहिले गेले, त्यांना दोनदा वाचून दाखवले गेले, त्यांनी ‘सुईण नव्हे, सुईणबाय’ अशी एक दुरुस्ती सांगितली तीही केली, आणि मग नोटरीसमोर त्यांनी सही केली. अंगठा उठवू का, असे नोटरींनी विचारताच, “मला सही येते,” असे म्हणून त्यांनी पेन हातात घेतले होते. शपथपत्र त्यांना समजणाऱ्या भाषेत आणि भाषांतर वेगळे, ही पद्धत सर्वत्र असायला हवी. प्रत्यक्षात कोर्ट नाक्यावर इंग्रजी मसुद्यावर अंगठे उठताना मी अनेकदा पाहिले आहेत. शपथपत्रासाठी शंभर रुपयांचा मुद्रांक पुरतो असे समजून कुणी जात असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात तो पाचशेचा झाला आहे, हे ध्यानात ठेवावे.

कार्यालयाच्या उणिवाही लिहिल्या पाहिजेत. सहा दिवसांत देऊ म्हटलेले काम अकरा दिवसांनी मिळाले, आणि ८४ दिवसांतले पाच दिवस तसे जाणे हे माझ्या मनावर किती ओझे होते ते मी सांगू शकत नाही. दुपारी एक ते चार दूरध्वनी उचलला जात नाही. बसायला दोनच खुर्च्या आहेत. काम जवळजवळ सगळे अनुवादिका एकट्याच करतात, हाताखालची मुलगी टंकलेखन करते, त्यामुळे बाई आजारी पडल्या तर सर्व थांबते. महाराजांच्या गावाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांत वेगवेगळे पडले होते, ते मी घरी ताडून पाहताना सापडले. त्यांनी त्याच संध्याकाळी दोन्ही पाने नव्याने करून दिली, पैसे घेतले नाहीत, परंतु ती चूक मला सापडली नसती तर ती तशीच गेली असती. म्हणून येथे काम देणाऱ्यांना माझे सांगणे आहे की पासपोर्टची प्रत पहिल्याच दिवशी द्यावी, सर्व नावांचे स्पेलिंग एका कागदावर लिहून द्यावे आणि हातात आलेले प्रत्येक पान मुळाशी स्वतः ताडून घ्यावे. मुदतीचे काम असेल तर निम्मा वेळ हाताशी राखूनच जावे.

पुराव्याचे उत्तर मुदतीच्या नऊ दिवस आधी पोहोचले. सप्टेंबरमध्ये खात्याचा माणूस न्यू जर्सीच्या मंदिरात प्रत्यक्ष पाहणीला येऊन गेला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस आय-३६० मंजूर झाल्याचे पत्र आले. त्या गुरुवारी हरिपाठाला आमच्या मंडळात बसायला जागा नव्हती. पण कायम वास्तव्य अजून मिळालेले नाही. धार्मिक कार्यकर्ते ज्या वर्गात मोडतात त्यात कायम वास्तव्याचे वर्षाला सुमारे दहा हजार व्हिसा असतात, त्या वर्गात त्यांच्याखेरीज इतरही अनेक जण असतात, आणि २०२३ पासून रांग फार लांबली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २०२५ च्या अमेरिकी आर्थिक वर्षाचे सगळे व्हिसा तर फेब्रुवारीअखेरच संपले होते. महाराजांची आर-१ ची पाच वर्षे नोव्हेंबर २०२६ मध्ये पुरी होतात. त्याआधी त्यांचा क्रमांक लागावा म्हणून आम्ही वाट पाहतो आहोत, आणि दरमहा तेथून प्रसिद्ध होणारे व्हिसा पत्रक मी वाचते.

आत्याबाईंच्या शपथपत्राची दुसरी प्रत, भाषांतरासह, अनुवादिकांनी न मागता वेगळ्या पाकिटात घालून दिली आणि ती आजींना द्या म्हणून सांगितले. कार्तिकीनंतर मी मुरबाडला गेले तेव्हा ती त्यांच्या हाती दिली. त्यांनी मराठीचे पान माझ्याकडून आणखी एकदा वाचून घेतले, इंग्रजी पानावर आपली सही कुठे आहे ते विचारले, त्या पानावर सही नसते हे कळल्यावर ते मला परत दिले आणि मराठी पान देवघरातल्या पोथीत ठेवले.